लहानग्यांची दुखणी आणि जाणते पालकत्व

निवासी शाळेच्या स्मरणिकेत संस्थेचा इतिहास, संस्थापकांचे स्मरण आणि गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव असतो आणि तो असलाच पाहिजे. परंतु ज्या मुलामुलींमुळे ही वास्तू गजबजलेली आहे, ती आमच्या स्वाधीन होण्यापूर्वी दहा-अकरा वर्षे कोणाच्या तरी मांडीवर, कोणाच्या तरी जागरणावर वाढलेली असतात. त्या जागरणांचा उल्लेख कोणत्याही अहवालात येत नाही. प्रस्तुत लेख त्यांच्याविषयी आहे.

मी वैद्य नाही. इतिहासाचा अभ्यासक आणि पेशाने शिक्षक आहे. मात्र पंचवीसहून अधिक वर्षे वसतिगृहातील मुलांचे आजारपण जवळून पाहताना आणि त्यांच्या मातापित्यांशी बोलताना एक गोष्ट स्पष्ट झाली. लहान मुलांची बहुतेक दुखणी साधी असतात. योग्य शुश्रूषा मिळाली की ती आपली आपण बरी होतात. मोजकीच दुखणी जीवघेणी असतात आणि ती बहुधा येताना खूण देऊन येतात. कोठे धीर धरायचा आणि कोठे क्षणाचाही विलंब करायचा नाही, एवढा विवेक ज्या घरात आहे, ते घर लेकराच्या बाजूने अर्धी लढाई जिंकलेले असते. या विवेकासाठी वैद्यकाची पदवी लागत नाही. मात्र माहिती लागते, आणि आपल्या आजी-पणजींना नेमकी तीच मिळू दिली गेली नाही.

रिकामे झालेले पाळणे

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या चाळींमध्ये मूल जन्मणे आणि मूल वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. १९२१ साली मुंबई शहरातील बालमृत्यूचे प्रमाण नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक होते. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात आणि ते जन्म शहराच्या दप्तरात येत नसत, म्हणून हा आकडा फुगलेला आहे, हे मान्य करूनही तो अंगावर काटा आणतो. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांची स्थिती सर्वांत वाईट होती.

याच काळात परळच्या चाळीत राहणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि माता रमाई यांच्या पाच अपत्यांपैकी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लहानपणीच गेली. यशवंत तेवढे जगले. राजरत्नाचा मृत्यू १९२६ सालचा. जगातील श्रेष्ठ विद्यापीठांच्या पदव्या मिळवलेल्या पित्याच्या घरातही जर पाळणे असे रिकामे होत होते, तर वस्तीतील अक्षरशत्रू घरांत काय होत असेल, याची कल्पना करावी. १९२८ साली मुंबई विधिमंडळात स्त्री-कामगारांना प्रसूतीची पगारी रजा मिळावी या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले, तेव्हा तो त्यांच्यासाठी केवळ कायद्याचा प्रश्न नव्हता.

त्याआधी, १८९७ च्या प्लेगात, माता सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यापर्यंत आणले. त्यातच त्यांना प्लेगचा संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. हा प्रसंग आपण त्यागाची कथा म्हणून सांगतो. त्यात पालकांसाठी एक व्यावहारिक धडाही आहे. गंभीर आजारी मुलाला अंगारा-धुपाऱ्यात न अडकवता त्यांनी थेट उपचाराच्या ठिकाणी नेले.

२०२० सालापर्यंत महाराष्ट्रातील बालमृत्यूचे प्रमाण हजार जन्मांमागे १६ पर्यंत खाली आले होते (नमुना नोंदणी पाहणी, २०२०). ही घट नशिबाने झालेली नाही. लस, स्वच्छ पाणी, पोषण, मुलींचे शिक्षण आणि वेळेवर उपचार यांचे ते फळ आहे.

ताप: शत्रू की पहारेकरी?

पालकांना सर्वाधिक घाबरवणारे दुखणे म्हणजे ताप. वास्तविक ताप हा स्वतंत्र रोग नसून शरीराने रोगजंतूंविरुद्ध चालवलेल्या लढ्याची खूण आहे. शरीराचे तापमान १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाले की ताप समजावा. हाताचा स्पर्श फसवतो, म्हणून घरात एक तापमापक असावाच.

तापमापकातील आकड्यापेक्षा मूल कसे आहे, हे अधिक महत्त्वाचे. ताप उतरल्यावर खेळणारे, पाणी पिणारे, आईकडे पाहून हसणारे मूल सहसा सुखरूप असते. उलट, ताप बेताचाच असूनही मूल निपचित पडत असेल, पाणी नाकारत असेल, हाक मारल्यावर डोळे उघडत नसेल, तर आकडा पाहत बसू नये.

तापात मुलाला चादरी-गोधड्यांत गुंडाळू नये. सैल सुती कपडे घालावेत. अंग पुसायचे असल्यास कोमट पाण्याने पुसावे, बर्फाच्या पाण्याने नव्हे. पाणी, पेज, वरणाचे पाणी, अंगावरचे दूध वारंवार द्यावे. ताप उतरवण्यासाठी पॅरासिटामॉल पुरेसे असते. त्याची एका वेळची मात्रा मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि दिवसभरात चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत, असा नियम आहे. येथे एक धोका बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बाजारात पॅरासिटामॉलचे पातळ औषध वेगवेगळ्या तीव्रतेचे मिळते. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे, तर ज्या बाटलीवर ‘५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम’ लिहिले आहे त्यातील ६ मिलिलिटर लागतील. ‘५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम’ असेल तर फक्त ३. तान्ह्या बाळांचे थेंब तर याहून कितीतरी तीव्र असतात. म्हणून ‘मागच्या वेळी एक झाकण दिले होते’ या हिशेबाने औषध देऊ नये. बाटलीवरचा मजकूर वाचावा. साक्षरतेचा याहून थेट उपयोग दुसरा कोणता असेल? ॲस्पिरिन मात्र मुलांना कधीही देऊ नये. पावसाळ्यात, डेंग्यूची शंका असताना, पॅरासिटामॉलखेरीज इतर वेदनाशामके डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

सहा महिने ते पाच वर्षे या वयात काही मुलांना तापात झटके येतात. तो देखावा भयंकर असतो, परंतु असे झटके बहुधा काही मिनिटांत थांबतात आणि मेंदूला इजा करत नाहीत. अशा वेळी मुलाला कुशीवर निजवावे, कपडे सैल करावेत, घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने झटका थांबत नाही. तो थांबायचाच असतो, श्रेय मात्र चपलेला मिळते. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला तर तत्काळ रुग्णालय गाठावे आणि पहिलाच झटका असेल तर थांबल्यावरही डॉक्टरांना दाखवावे.

दोन-तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला तर घरगुती उपचारांत वेळ घालवू नये. मोठ्या मुलाचा ताप तीन दिवसांहून अधिक राहिला, मान ताठ झाली, अंगावर जांभळट ठिपके उठले, तरीही हाच नियम.

सर्दी-खोकला आणि श्वास मोजण्याची विद्या

लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे हे सर्वसाधारण आहे. अंगणवाडीत किंवा शाळेत जाऊ लागलेल्या मुलाला ती अधिक वेळा होते. ‘आमचे लेकरू सारखे आजारी असते’ अशी तक्रार करणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे. प्रत्येक सर्दीत शरीर एका नव्या विषाणूशी ओळख करून घेत असते. विषाणूंवर प्रतिजैविकांचा काहीच परिणाम होत नाही. तरीही ‘भारी औषध द्या’, ‘सुई द्या’ असा आग्रह पालकच धरतात आणि सुई न देणारा डॉक्टर त्यांना कमी दर्जाचा वाटतो. खरे तर विनाकारण सुई न देणारा डॉक्टर जपून ठेवावा. दुकानातून आणलेली खोकल्याची पातळ औषधे लहान मुलांना देऊ नयेत. दोन वर्षांखालील मुलांना तर मुळीच नाही. नाक चोंदल्यास मिठाच्या पाण्याचे थेंब, वर्षावरील मुलाला कोमट पाण्यातून थोडा मध, एवढे पुरते. एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. त्यातून क्वचित पण जीवघेणी विषबाधा होऊ शकते. जन्मल्याबरोबर मध आणि घुटी चाटवण्याची रीत म्हणूनच सोडली पाहिजे.

सर्दीमागे लपून येणारा खरा वैरी म्हणजे न्यूमोनिया. तो ओळखण्याची विद्या आश्चर्य वाटावे इतकी सोपी आहे. मूल शांत असताना त्याचा शर्ट वर करावा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असतील, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर ती गंभीर खूण आहे.

ही विद्या सामान्य माणसाच्या हाती देता येते, हे गडचिरोलीत सिद्ध झाले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या अल्पशिक्षित आरोग्यदूतांना आणि निरक्षर दाईंना बाळाचे श्वास मोजायला शिकवले. अंक न येणाऱ्या दाईंसाठी त्यांनी मण्यांचे साधे श्वासमापक तयार केले. नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोग ३९ गावांत झाला आणि शेजारच्या गावांच्या तुलनेत तिसऱ्या वर्षी नवजात-मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढे ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली. जंगलातील निरक्षर दाईला जे साधले, ते आमच्या माजी विद्यार्थ्यांना, जे आता स्वतः आईबाप झाले आहेत, त्यांना का साधू नये?

जुलाब, पटकी आणि पाण्याचा हक्क

पटकीची साथ आली की मरीआईचा कोप झाला, असे आपले पूर्वज मानत. मरीआईचा गाडा शिवेपार नेला जाई, पोतराज अंगावर कोरडे ओढून घेई. साथ मात्र पाण्यातून येत होती. ज्या समाजाला गावच्या विहिरीला आणि तळ्याला हात लावण्याची बंदी होती, त्याच्या वाट्याला डबक्याचे पाणी येणार आणि त्या पाण्याची किंमत सर्वांत आधी त्याची लेकरे मोजणार, हे उघड होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळीत घेतलेले पाणी हा माणुसकीच्या हक्काचा प्रश्न होता. लेकरांच्या जगण्याशीही त्या हक्काचा संबंध होता, हे आपण नेहमी सांगत नाही.

जुलाबात मूल रोगाने कमी आणि शरीरातले पाणी-क्षार संपल्याने अधिक दगावते. म्हणून उपचाराचा गाभा एकच: जेवढे जाते तेवढे भरून द्यायचे. १९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासित छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर आणि क्षार यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून रुग्णांच्या नातेवाइकांकरवी, म्हणजे बहुतांशी मायमाउल्यांकरवी, पाजण्यास सुरुवात केली. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. आतड्याच्या आवरणात साखर आणि मीठ एकमेकांच्या सोबतीने आत शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणीही जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी असते. नुसते पाणी किंवा नुसती साखर हे काम तितके करू शकत नाही.

ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण रिकामे करावे. अर्धे पाकीट पेल्यात टाकण्याची सवय घातक आहे, कारण प्रमाण बिघडते. तयार केलेले पाणी २४ तासांत संपवावे, उरल्यास फेकून द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ घालावे. ते अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्यावरील मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, चमच्या-चमच्याने द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू करावे. त्यासोबत चौदा दिवस झिंकची गोळी द्यावी. जुलाब थांबले म्हणून ती बंद करू नये. शासकीय आरोग्य केंद्रांतून ओआरएस आणि झिंक दोन्ही विनामूल्य मिळतात. बाटलीबंद गोड पेये ओआरएसची जागा घेऊ शकत नाहीत, उलट जुलाब वाढवतात.

जुलाब होताना मुलाला उपाशी ठेवण्याची रीत आजही अनेक घरांत आहे. ती चुकीची आहे. अंगावरचे दूध, मऊ भात, खिचडी, ताक, केळे चालू ठेवावे. तसेच ‘दात येताहेत म्हणून जुलाब’ हा समजही सोडावा. दात येण्याच्या वयात मूल रांगते, जे हाती येईल ते तोंडात घालते, आणि जुलाब त्या घाणीने होतात. डोळे किंवा टाळू खोल गेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश मागे गेली, लघवी बंद झाली, शौचात रक्त आले, तर मात्र दवाखाना गाठावा. पोटफुगीवर किंवा जुलाबावर तापल्या सळईने चटके देण्याच्या बातम्या मेळघाटासारख्या भागातून अजूनही अधूनमधून येतात. त्या वाचून हळहळण्यापेक्षा, अशा घरापर्यंत ओआरएसचे एक पाकीट आधी पोहोचवणे हे आपल्यासारख्या शिकलेल्यांचे काम आहे.

देवीपासून गोवरापर्यंत

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. भारतातील यशस्वी लसीकरणाची ती सुरुवात. ज्या रोगाला आपण देवीचे रूप मानून हात जोडत होतो, तो रोग भारतातून १९७५ साली गेला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने जगातून त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. पोलिओचा भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. आमच्या शाळेच्या जुन्या तुकड्यांच्या छायाचित्रांत कुबडी घेतलेली मुले दिसतात. अलीकडच्या तुकड्यांत ती दिसत नाहीत. लसीचा याहून बोलका पुरावा मला देता येणार नाही.

गोवर मात्र अजून गेलेला नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडी परिसरात त्याची साथ आली, मुले दगावली, आणि लस न घेतलेल्या किंवा अर्धवट घेतलेल्या मुलांना तिचा फटका बसला. गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असतो. दुसऱ्या डोसाच्या वेळी कुटुंब ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेले असते आणि डोस राहून जातो. लसीकरण कार्ड सोबत असेल तर तो कोणत्याही गावच्या शासकीय केंद्रात घेता येतो, हे स्थलांतरित पालकांना आवर्जून सांगावे. गोवर आल्यावर ‘माता अंगात आली आहे, औषध देऊ नये, न्हाऊ घालू नये’ असे सल्ले मिळतात. गोवरानंतरचा न्यूमोनिया आणि जुलाब हेच मुलांना नेतात. म्हणून डॉक्टरांना दाखवून अ जीवनसत्त्वाचे डोस द्यावेत आणि आहार वाढवावा.

घरातील वडीलधाऱ्यांनी दृष्ट काढली तर त्यावरून भांडण करू नये. त्यांची माया खरी असते. परंतु मीठ-मोहरी ओवाळण्यात दवाखान्याची वेळ जाऊ देऊ नये. परंपरेने सांगितले म्हणून नव्हे, तर अनुभवाच्या आणि विवेकाच्या कसोटीवर उतरेल तेच स्वीकारावे, ही शिकवण आपल्याला तथागतांकडून मिळालेली आहे. ती पाळण्याची जागा विहाराइतकीच स्वयंपाकघरही आहे.

सिकलसेल: आपल्या घरचा प्रश्न

विदर्भातील बौद्ध आणि आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे, म्हणून त्यावर स्वतंत्र लिहिणे आवश्यक वाटते. ज्या मुलाचे हातपाय तान्हेपणी सुजतात, सांधे वारंवार दुखतात, डोळे पिवळे होतात, अशक्तपणा हटत नाही, त्याला ‘वात’ किंवा ‘कामचुकारपणा’ ठरवण्याआधी रक्ताची तपासणी करावी. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक व्यक्ती निरोगी जीवन जगते; तिच्यात कोणताही कमीपणा नाही. म्हणूनच विवाह ठरवताना पत्रिका पाहण्याऐवजी दोघांचे सिकलसेल कार्ड पाहावे. २०२३ पासून या आजारासाठी राष्ट्रीय अभियान सुरू असून शासकीय केंद्रांत तपासणी विनामूल्य होते. रुग्ण मुलाने भरपूर पाणी प्यावे, कडाक्याची थंडी आणि अतिश्रम टाळावेत. अशा मुलाचा ताप मात्र कधीही साधा समजू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. शाळेत प्रवेश घेताना हा आजार लपवू नये. लपवल्याने मुलाला मैदानावर विनाकारण धावावे लागते आणि रात्री कण्हावे लागते.

वाढ आणि सोडून देणे

मुलाची वाढ हे त्याच्या आरोग्याचे सर्वांत खरे प्रगतिपुस्तक आहे. जन्माच्या वेळचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट आणि वर्षाच्या अखेरीस तिप्पट व्हावे. उंची जन्मतः सुमारे ५० सेंटिमीटर, पहिल्या वाढदिवसाला सुमारे ७५ आणि चौथ्या वर्षी सुमारे १०० सेंटिमीटर असते. अंगणवाडीतील वजनाची रेघ वर जात असेल तर शेजारच्या गुटगुटीत मुलाशी तुलना करून हळहळू नये. रेघ सपाट झाली तर मात्र मूल हसतेखेळते असले तरी शोध घ्यावा. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, नंतर घट्ट वरण-भात, भाज्या, अंडे असा वरचा आहार आणि वर्षातून दोनदा जंतांची गोळी, हा पाया आहे.

यानंतर पालकत्वाचा दुसरा, माझ्या मते अधिक कठीण भाग सुरू होतो. ज्या मुलाचे कपाळ आपण रात्ररात्र चाचपले, त्याला स्वतःच्या शरीराची काळजी स्वतः घ्यायला शिकवणे. जून महिन्यात आमच्याकडे नवी मुले येतात आणि पहिल्या पंधरवड्यात संध्याकाळ झाली की अनेकांची पोटे दुखू लागतात. ती खोटे बोलत नसतात. घराची आठवण शरीरातूनही बोलते. असे दुखणे बहुधा बेंबीभोवती असते, खेळात विसरले जाते आणि झोपेत त्रास देत नाही. बेंबीपासून दूर, एकाच जागी दुखणारे, झोपेतून उठवणारे, ताप किंवा उलटीसह येणारे पोट मात्र आम्ही लगेच डॉक्टरांना दाखवतो. अशा वेळी फोनवर आई रडली तर मुलाचे दुखणे वाढते. ‘जेवलास का, आज कोणता खेळ खेळलात’ असे विचारले तर ते उतरते.

एकत्र राहणाऱ्या मुलांत खरूज आणि उवा होणारच. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. खरूज एकाला झाली तर खोलीतील सर्वांवर आणि सुटीत घरी गेल्यावर घरातील सर्वांवर एकाच वेळी उपचार करावा, कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे. अन्यथा ती फिरत राहते. साबणाने हात धुणे, नखे कापणे, कोठे दुखते ते नेमके सांगणे आणि दुखणे न लपवणे, एवढ्या चार सवयी घेऊन मूल आमच्याकडे आले तर निम्मी दुखणी दाराबाहेर राहतील.

मुलींच्या बाबतीत एक विनंती. पहिली पाळी साधारणपणे बाराव्या-तेराव्या वर्षी येते. त्याआधीच आईने, आई नसेल तर मावशी-आत्याने, तिला सर्व काही सांगावे. जिला आधी माहीत असते ती मुलगी घाबरत नाही. जिला कोणी सांगितलेले नसते ती आपल्याला काही भयंकर झाले असे समजून कोपऱ्यात रडते. विटाळाची कल्पना आपण धर्मांतरासोबत मागे टाकली. ती मुलीच्या पाळीच्या रूपाने पुन्हा घरात येऊ देऊ नये. शाळेतून मिळणारी लोहाची साप्ताहिक गोळी मुली फेकून देतात, कारण मळमळते. ती जेवणानंतर घ्यावी, हे घरूनही सांगितले जावे.

समारोप

आजारी लेकराच्या उशाशी बसलेल्या आईबापाला दोन गोष्टी हव्या असतात: माहिती आणि सोबत. माहितीची थोडी शिदोरी या लेखात बांधली आहे. सोबत मात्र समाजाने द्यायची आहे. मजुरी बुडेल म्हणून लेकराला दवाखान्यात नेण्याचे टाळणारी आई आजही आपल्या वस्तीत आहे. तिच्यासाठी रिक्षाचे भाडे, एक दिवसाचा आधार, दवाखान्यातल्या रांगेत शेजारी उभा राहणारा एक शिकलेला माणूस एवढे पुरे असते. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीतील विहारात एक तापमापक, एक वजनकाटा, ओआरएसची पाकिटे आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा दूरध्वनी क्रमांक ठेवावा. महिन्यातून एकदा आशाताईंना बोलावून तरुण मातापित्यांना श्वास मोजायला शिकवावे. खर्च नगण्य आहे.

रमाईच्या चार लेकरांना जे मिळाले नाही, ते आपल्या प्रत्येक लेकराला मिळावे, एवढीच अपेक्षा. जय भीम!